वरच्या अंगाचं पाणी

आक्काच्या आळीत कावीळ शिरली तेव्हा मिस्त्री तीन मैलांवर दुसऱ्याची विहीर बांधत होता. अठ्ठावीस फुटांवर फळीवर बसून तो दगडांच्या सांध्यात थापीने माल भरत होता, आणि वरून भोंग्याने बातमी सोडली.

भोंगा म्हणजे त्याचा यारीवाला. विहिरीच्या तोंडावर उभं राहून यारीने दगड खाली सोडायचे आणि गाळ वर ओढायचा, हे त्याचं काम. जन्मात त्याला हळू बोलता आलं नाही. कुणी गेल्याची बातमीही तो लग्नाचं आमंत्रण दिल्यासारखी द्यायचा.

"मिस्त्री, तुमच्या बहिणीच्या आळीत सात जणांना कावीळ झालीय. भाचेसुनेला सगळ्यात जास्त आहे म्हणतात. डोळे पिवळेजर्द झालेत."

"कधीपासून?"

"झाले आठ दिवस. नर्सबाई रोज येतेय."

मिस्त्रीने पुढचा दगड उचलला. दगड काही बसेना. तीनदा फिरवला, दोनदा छिन्नीने कोपरा उडवला, तरी तो डुगडुगतच राहिला. शेवटी त्याने दगड फळीवर ठेवून दिला आणि दोर हलवला. चाळीस वर्षांच्या धंद्यात दुपारच्या आत त्याने कधी काम सोडलं नव्हतं, म्हणून भोंग्याला वाटलं खाली काहीतरी कोसळलं.

वर त्याची बायको माल कालवत होती. सगळे तिला मिस्त्रीणच म्हणत. लग्न झाल्यापासून ती त्याच्या बरोबरीने कामावर होती आणि सिमेंटने तिच्या बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा पडल्या होत्या. तिने खोरं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"जायचं ना?" ती म्हणाली.

"जायलाच हवं."

"नुसतं भेटायला जायचं, की—"

"जायचं म्हटलं ना," मिस्त्री तिच्यावर खेकसला. वास्तविक तिने अजून काहीच म्हटलं नव्हतं. पण खाई त्याला खवखवे.

आक्काची आळी म्हणजे सहा घरं, उतारावर एका रांगेत बसलेली. वरच्या टोकाला सगळ्यांचे मिळून तीन संडास आणि त्यांच्या मागे जमिनीत शोषखड्डा. खालच्या टोकाला आक्काचं घर, आणि तिच्या अंगणात मिस्त्रीने बांधलेली विहीर. विहिरीला अजून तीन महिने व्हायचे होते. कठड्याचा गिलावा नवाकोरा होता, भोवतीच्या ओट्याला बेताचा उतार होता, सांडलेलं पाणी नालीत जाऊन लांब पडत होतं. वरून बघणाऱ्याने शाबासकीच दिली असती.

नर्सबाई आक्काच्या पडवीत वही उघडून बसली होती आणि आळीतल्या बायका तिच्याभोवती उभ्या होत्या. सून मात्र त्यांच्यात नव्हती. ती अंगणाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून, पोट सांभाळत बसली होती. आठवा महिना होता तिचा. नवरा, म्हणजे मिस्त्रीचा भाचा, ट्रकवर होता आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा. मिस्त्रीला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला. त्याने हातानेच बस म्हटलं. तिच्या डोळ्यांकडे त्याने पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"हंड्यात हात बुडवून पाणी घेता की नाही, खरं सांगा," नर्सबाई विचारत होती.

"आम्ही नाही बुडवत," शेजारची टेलरीण म्हणाली. तिचा नवरा शिवणकाम करायचा आणि ती बोलायचं काम. "आता स्पष्ट बोललं की राग येतो. पण सगळ्यात आधी कावीळ हिलाच झाली. आणि विहिरीच्या दोराला दिवसभर हात असतो तोही हिचाच. आमच्या घागरी भरून द्यायलाही हीच पुढे."

"मी किती वेळा सांगितलं," आक्का म्हणाली, "हात धुऊन दोराला हात लाव. पण आजकालच्या मुलींना सांगायची सोय आहे का?"

सुनेने मान वर केली नाही. शेजाऱ्यांच्या घागरी भरून दिल्या हाही आता गुन्हा झाला होता.

"अहो, एकीच्या हातांनी सहा घरं आजारी पडत नाहीत," नर्सबाई वैतागून म्हणाली. "विहिरीत औषध टाकते तर दोन दिवसांत त्याचा वास जातो. म्हणजे नवीन घाण कुठून तरी आत येतेय. ही विहीर संडासापासून लांब किती?"

"शंभर फूट," आक्का ताडकन म्हणाली. "माझ्या भावाने जागा धरलीय. हा काय, समोर उभा आहे. त्याची चाळीस पावलं म्हणजे शंभर फूट. लोक टेप घेऊन येतात आणि त्याचं पाऊल बघून टेप खिशात घालतात. काय रे?"

सगळ्या बायका मिस्त्रीकडे बघायला लागल्या. नर्सबाईनेही पेन थांबवलं. एक शब्द बोलायचा होता, हो किंवा नाही. मिस्त्री तोही बोलला नाही. त्याने नुसती मान हलवली, आणि नर्सबाईने वहीत लिहून टाकलं: शंभर.

चहा आला. त्याच्या आधी आक्काने तांब्याभर पाणी पुढे केलं. "आत्ताच पिऊन आलो," मिस्त्री म्हणाला. मिस्त्रीणही नको म्हणाली. चहा उकळलेला असतो, तो दोघांनी घेतला.

नर्सबाई गेल्यावर बायका पांगल्या, आक्का आत गेली, मिस्त्रीण तिच्यामागे गेली. मिस्त्री विहिरीच्या ओट्यावर बसला होता. सून हळूहळू चालत आली आणि चार हात लांब थांबली. तिने घागर खाली ठेवली आणि ती पायाने पुढे सरकवली.

"मामा, एवढी घागर भरून द्याल? मला दोराला हात लावायचा नाही. दुपारपासून कुणाची तरी वाट बघतेय."

मिस्त्री उठला. त्याने पोहरा सोडला, भरला, ओढला. दोर त्याच्या हाताला नेहमीपेक्षा जड लागला. घागरीत पाणी पडताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"उकळून पीत जा."

"गॅस पुरवून वापरायचा असतो मामा. हे आले की सिलिंडर आणणार आहेत," ती म्हणाली. मग ती वाकली, हातांची ओंजळ घागरीत घालणार एवढ्यात थांबली आणि ओंजळ पुढे करून म्हणाली, "जरा वरून ओता. माझे हात नकोत लागायला."

त्याने ओतलं. ती प्यायली. दुपारपासून तहानलेलं माणूस पितं तशी, मध्ये श्वास घेत घेत, तीन ओंजळी प्यायली. एक ओंजळ झाल्यावर मिस्त्रीला थांबता आलं असतं. दुसरी झाल्यावरही आलं असतं.

"बरं वाटलं," ती म्हणाली.

घरी परतताना मिस्त्रीण दोन पावलं पुढे चालत होती. त्याच्याबरोबर चालणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं, कारण त्याचा वेग तिला जमत नसे. दोन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला आणि उजवा खुबा कामातून गेला. हाड जुळलं, पण पाय पहिल्यासारखा पुढे पडेना. पाऊल आखूड झालं, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. घरापासून नाक्यापर्यंत पूर्वी दीडशे पावलं व्हायची, ती दोनशेच्या वर जायला लागली होती. त्याच वेळी टेप विकत घेतली असती तर काही बिघडत नव्हतं. पण मिस्त्री टेप घेऊन आला म्हणजे मिस्त्री संपला, असं लोक म्हणतील, अशी त्याची समजूत. झाकली मूठ झाकलेलीच बरी म्हणून आक्काच्या अंगणातही तो संडासांपासून चाळीस पावलं चालत आला, टाच रोवली आणि म्हणाला, इथं.

"ऐकताय का?" मिस्त्रीण मागे न वळता म्हणाली. "तो पाझर."

"शंभर फूट आहे."

"मी फूट विचारले नाहीत. मी पाझर म्हणतेय."

पाझराचा दिवस दोघांनाही पाठ होता. ऐन उन्हाळा, मुरूम फोडत बारा फुटांवर आलेले, आणि वरच्या अंगाच्या खडकात बोट जाईल एवढी चीर निघाली. चिरेतून पाणी ठिबकत होतं. भोंग्याने अशी आरोळी ठोकली की सहाही घरं अंगणात जमा झाली. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनेच आळीला तयार केलं होतं, माझ्या भावाचा हात कोरडा जात नाही म्हणून. आळीतल्या बायका तेव्हा दीड मैलावरून, नदीच्या डोहातून पाणी आणायच्या आणि आक्काची सून पोटुशी असून दोन दोन हंडे आणायची.

खाली मिस्त्री त्या चिरेसमोर उकिडवा बसला होता. त्याच्या बापाने त्याला हा धंदा शिकवला तेव्हा दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. एक म्हणजे, वरच्या पंधरा फुटांत पाण्याला दार ठेवायचं नाही. बांधकाम भरीव करायचं आणि मागे चिकणमाती ठोकायची. आणि दुसरी, उन्हाळ्यात वरच्या अंगाला लागलेलं पाणी जमिनीचं नसतं, कुणाच्या तरी घरचं असतं. मिस्त्रीने बोट ओलं करून नाकाला लावलं. वास नव्हता. वास नाही याचा अर्थ काहीच होत नाही, हेही बापाने सांगितलं होतं.

पुढे छत्तीस फुटांपर्यंत गेले. खाली काळा पाषाण, सुरुंगालाही दाद न देणारा, आणि कोरडा ठणठणीत. तळात सकाळपर्यंत जे काही हातभर पाणी जमायचं ते वरच्या पाझराचंच. बांधकाम बारा फुटांवर आलं तेव्हा मिस्त्रीने चिरेसमोर चार भोकं ठेवली. मिस्त्रीण दगड हातात देत होती. इथं भोकं, असं तिने विचारलं होतं. पाणी इथूनच येतं, हे बुजवलं तर विहीर काय शोभेला बांधायची, असं तो म्हणाला होता. सुनेच्या डोक्यावरचे हंडे तरी उतरतील, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा नेहमी दुसऱ्याच्या भल्याचंच बोलतो.

दुसऱ्या दिवशी आक्काने सुनेला माहेरी पाठवून दिलं. तिची भांडी वेगळ्या गोणीत बांधून बरोबर दिली. गोणीला गाठ मारताना टेलरीण म्हणाली म्हणे, आता आळी निवळेल. आळी निवळली नाही. आणखी दोघं आजारी पडले. पण एकदा दोष ठरला की पुरावा कोण बघतं? ती जाताना दोराला हात लावून गेली, असं कुणीतरी म्हणालं आणि तेवढ्यावर भागलं.

चौथ्या दिवशी निरोप आला. आदल्या दिवशी सून माहेरी बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधीच. मुलगी होती, फार लहान होती, पण होती. आक्का गेली नाही. "तिची कावीळ उतरू दे, मग बघू," एवढंच ती फोनवर म्हणाली.

मिस्त्री कामावर जात राहिला. दगड उचलत राहिला, माल भरत राहिला, जेवणाच्या वेळी घास हातात धरून बसत राहिला. भोंगा म्हणाला, मिस्त्रींना कुणाची तरी नजर लागली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी तिने त्याच्यासमोर एक टेप आणून ठेवली. नवी होती, वरचा कागदही काढलेला नव्हता.

"मी एक टोक धरते," ती म्हणाली.

आळीतून लोक कामांना निघत होते तेव्हा ही म्हातारी जोडी संडासांच्या मागून विहिरीकडे टेप ओढत चालली होती. लोक थांबून बघायला लागले. टेप पन्नास फुटी होती. एकदा संपली, मिस्त्रिणीने खूण केली, पुन्हा धरली. कठड्याला टेप टेकली तेव्हा मिस्त्री आकडा वाचायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"किती?" मिस्त्रिणीने विचारलं.

"एकाहत्तर."

मग तो उठला आणि आक्काच्या पडवीत जाऊन, कुणी न बोलावता, सगळ्यांसमोर बोलला. पाऊल आखूड झालंय. विहीर एकाहत्तर फुटांवर आहे आणि उताराच्या खालच्या अंगाला आहे. बारा फुटांवर जो पाझर लागला तो शोषखड्ड्याचा असणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. तो बुजवायचं सोडून मी भोकं ठेवली. या विहिरीचं पाणी पिऊ नका. सुनेच्या हातांचा काही संबंध नाही.

बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं, आता कुणीतरी अंगावर येईल. त्यासाठी त्याने पाय घट्ट रोवले होते. पण आळी त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

"माणूस असावा तर असा," टेलरिणीचा नवरा म्हणाला. तो क्वचित बोलायचा, नेमका आज बोलला. "भाचेसुनेची लाज राखायला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय."

"मी खरं सांगतोय."

"सांगणारच तुम्ही," टेलरीण म्हणाली. "नातं आहे ना. पण मिस्त्री, सहा घरांना तुम्ही पाणी दिलंत. तुमच्या तोंडून हे शोभत नाही."

आक्का तेवढी चिडली. "माझ्या दारातल्या विहिरीत संडासाचं पाणी येतं म्हणतोस? दाराशी येऊन? तिच्यासाठी? कोण लागते रे ती तुझी, मी कोण लागते?"

मिस्त्रीला रडावं की हसावं कळेना. चाळीस वर्षं खरं खोटं काहीही सांगितलं तरी लोकांनी त्याच्या शब्दावर विहिरी खोदल्या, आणि आज एकदा तो खरं बोलला तर कुणी त्यावर विश्वास ठेवेना. विहीर खराब आहे हे मानायचं तर उद्यापासून पुन्हा दीड मैल जायचं. त्यापेक्षा सून घाणेरडी आहे, हे मानणं सोपं होतं.

"भोंग्या," मिस्त्री म्हणाला, "दोन पोती मीठ आण. जाडं."

त्याच दुपारी त्याने शोषखड्ड्यावरची फरशी पहारीने उचकटली. वास असा आला की भोंगासुद्धा गप्प झाला. मिस्त्रीने दोन्ही पोती खड्ड्यात रिकामी केली, वरून विहिरीचंच पाणी ओतलं, वीस बादल्या, एकट्याने, लंगडत, वर आणि खाली. कुणी मदतीला आलं नाही आणि त्याने कुणाला बोलावलंही नाही. "उद्या पाझराचं पाणी खारट झालं तर माझं खरं," तो म्हणाला. "नाही झालं तर मी खोटा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आळी विहिरीभोवती जमली. मिस्त्री यारीच्या दोराला बांधून घेऊन बारा फूट उतरला. भोंगा दोर सोडत होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जणू तोच खाली चाललाय. चार भोकांतून पाणी दगडावर ओघळत होतं. मिस्त्रीने तळहात लावला, जीभ लावली, आणि दोन्ही हात दगडाला टेकून तसाच राहिला. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला अजून वाटत होतं की पाणी गोड निघेल.

तो वर आला तो हातात स्टीलचा पेला घेऊन, पाझराच्या पाण्याने भरलेला.

"खारट आहे," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणणारच," टेलरीण म्हणाली.

"मग तुम्ही चाखा."

टेलरीण मागे सरकली. तिचा नवरा मागे सरकला. पेला एकेकासमोर गेला आणि एकेकाने तोंड फिरवलं. कालपर्यंत हेच पाणी घागरींनी पीत होते, आज थेंब जिभेला लावायची कुणाची छाती होईना. मिस्त्री पेला घेऊन फिरत फिरत आक्कासमोर येऊन थांबला. पाणी त्याच्या मनगटावर सांडत होतं.

आक्काने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लहानपणी त्याने काही मोडलं की तो असाच समोर येऊन उभा राहायचा, तेव्हाही तिला आधी राग यायचा आणि मग त्याच्यासाठी मार खायला तीच पुढे व्हायची. तिने पेला घेतला आणि एक घोट तोंडात घेतला. थुंकली नाही. गिळला.

"खारट आहे," ती म्हणाली. "मिठाचं पाणी आहे."

मग मात्र आळी मिस्त्रीच्या अंगावर आली. जे बोलायचं ते सगळं बोलली. त्याच्या खुब्यावरून बोलली, बापावरून बोलली, वयावरून बोलली. टेलरीण म्हणाली, "आमची पोरं लोळागोळा झाली आणि तुम्ही मान हलवून चहा पिऊन गेलात." मिस्त्रीने एकेक शब्द ऐकून घेतला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने चारही भोकं बुजवली. चिरेपर्यंतचे दगड काढले, चीर छिन्नीने मोकळी करून सिमेंटने ठासली, मागे चिकणमाती ठोकली, पुन्हा बांधलं. मिस्त्रीण माल देत होती. पहाटेपर्यंत विहीर आटली आणि आळी हंडे घेऊन पुन्हा नदीच्या वाटेला लागली. आक्काही लागली, तिच्या वयाला दीड मैल म्हणजे दोन तास.

त्याच दिवशी नदीवरून आल्यावर ती म्हणाली, "चल. तिला आणायला जाऊ. बोलायचं तूच. मला नाही जमणार."

सुनेचं माहेर एसटीने तासाभरावर होतं. तिची आई बाहेर आली आणि तिने त्यांना पडवीतल्या बाकावर बसवलं, आत या म्हणाली नाही. आतून मूल रडत होतं, रड कसली, मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज. रडायचं थांबेना.

"तिला घ्यायला सांगा ना," आक्का न राहवून म्हणाली.

"कुणाला सांगू?" सुनेची आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण ती उभीच राहिली होती. "जन्मल्यापासून मुलीला हात लावलेला नाही तिने. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाज, काही होत नाही. ऐकत नाही. म्हणते माझ्या हातांनी सहा घरं आजारी पडली, ही तर एवढीशी आहे. मी वरचं दूध चमच्याने पाजतेय. ही दारात बसून बघत असते."

मिस्त्रीने बाकाची कड धरली. आक्काने पदर तोंडाला लावला.

सून दारात आली. डोळ्यांचा पिवळेपणा उतरत आला होता. तिने हात पाठीमागे धरले होते. सासूला पाहून सवयीने ते नमस्कारासाठी पुढे आले आणि तिने ते पुन्हा मागे नेले, तेवढ्यात मिस्त्रीला दिसलं. धुण्याच्या सोड्याने घासून घासून दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. बोटांच्या बेचक्यांत रक्त सुकलं होतं.

तो उभा राहिला. घरून निघताना त्याने पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"पोरी, तुझे हात नव्हते. विहीर होती. मी चुकीच्या जागी खोदली आणि घाण पाणी येतंय हे कळून तशीच ठेवली. मीठ टाकून सगळ्यांना दाखवलं. तुझ्या सासूने चाखलं. तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं एकदम समजलं नाही, किंवा समजूनही विश्वास बसला नाही.

"हात नव्हते?" तिने विचारलं.

"नव्हते."

"नक्की?"

"नक्की. मी होतो."

"तुम्हाला कधी कळलं, मामा?"

आता खोटं बोलायला सोपं होतं. मीठ टाकलं तेव्हा कळलं म्हणता आलं असतं, टेप लावली तेव्हा कळलं म्हणता आलं असतं, आणि दोन्ही अर्धी खरीच होती. आक्काही त्याच्याकडे बघत होती.

"पाझर लागला त्याच दिवशी," मिस्त्री म्हणाला.

आत मूल रडतच होतं. सुनेने मान खाली घातली आणि ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागली, लहान मूल मोजतं तसं, एकेक पेर दाबत. मोजून झाल्यावर तिने पुन्हा एकदा मोजलं.

"आज नऊ दिवस झाले तिला," ती म्हणाली. "नऊ दिवस मी तिला घेतलं नाही."

ती वळली आणि आत गेली. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला, तिची आई काहीतरी म्हणत पटकन आत धावली, आणि थोड्या वेळाने रडणं हळूहळू कमी होत थांबलं. मिस्त्री आणि आक्का बाकावर बसून राहिले. कुणी बाहेर येईना. उठावं की थांबावं ते दोघांनाही कळेना.

बऱ्याच वेळाने आतून सुनेचा आवाज आला. ती आईशी बोलत होती, पण बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"सासूबाईंना आत बोलव. नात बघू दे," ती म्हणाली. "आणि मामांना म्हणावं, तुम्ही जा आता."

मिस्त्री उठला. आक्का आत जाताना दाराशी थबकली आणि भावाकडे वळून पाहायला लागली. त्याने तिला हातानेच जा म्हटलं, आणि पायऱ्या उतरून, आखूड पावलं टाकत, एकटाच रस्त्याला लागला.